सोसायटीत आगीचं मॉक ड्रिल झालं, सहा महिन्यांनी काय उरलं?

तिसरा_मजला | रविवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमची सोसायटी ठाण्यात. १४ मजले, दोन विंगा. गेल्या वर्षी मी सेक्रेटरी झालो, म्हणजे सभेला उशिरा पोचलो आणि तोवर माझं नाव ठरून गेलं होतं. फाइली चाळताना 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' असं भारदस्त शीर्षक असलेला कागद हाती लागला. त्यात सरळ लिहिलंय की इमारतीतली आगीची यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची किंवा वापरणाऱ्यांची जबाबदारी. परवानाधारक एजन्सीकडून ती तपासून घ्यायची आणि फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा. आमचा शेवटचा फॉर्म बी कधीचा ते विचारू नका.

मग आग विझवायची यंत्रं भरून घेतली, पंप दुरुस्त केला आणि अग्निशमन दलाला विनंती करून मॉक ड्रिल ठरवलं. ड्रिलच्या आठवडाभर आधी एक उद्योग केला. दहा प्रश्न छापून घरोघरी दिले. तेच प्रश्न ड्रिल झाल्यावर लगेच दिले आणि आता सहा महिन्यांनी पुन्हा. (बायको म्हणाली, लोक तुला पुढच्या वर्षी निवडून देणार नाहीत. मी म्हटलं, तोच तर हेतू आहे.)

आधीची उत्तरं वाचून झोप उडाली. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर? निम्म्याहून जास्त घरांनी लिहिलं 'पाणी ओतू'. दोघांनी 'वरून पीठ टाकू'. गॅसचा वास आला तर? 'आधी एक्झॉस्ट फॅन लावू', म्हणजे नेमकी ठिणगी पाडू! रेफ्यूज एरिया कशासाठी असतो? (आगीत अडकलेल्यांनी थांबायला मोकळी ठेवलेली जागा ती.) एका घराचं उत्तर होतं 'हळदीच्या कार्यक्रमासाठी'. त्यांची चूक नाही, तिथे आजवर तेवढंच झालंय.

ड्रिलची गंमत वेगळीच. भोंगा वाजल्यावर अर्धे लोक मोबाइल काढून गॅलरीत आले. 'बी' विंगच्या आजोबांनी वरून ओरडून विचारलं, "खाली चहा आहे का?" जिन्यात तीन सायकली, एक चप्पलस्टँड आणि कुणाच्या तरी लग्नातलं कपाट. होज रीलचं, म्हणजे आगीसाठीच्या पाण्याच्या नळीचं, कपाट उघडलं तर पितळी नोझल गायब. ते कधी आणि कुठल्या भंगारात गेलं, देव जाणे. गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली ज्या वॉचमनकडे, तो गावी.

नंतर जवानांनी खाली पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवलं आणि ज्यांना हवं त्यांच्या हातात यंत्र दिलं. चाळीसेक जणांनी पिन ओढून, आगीच्या बुडाशी नेम धरून विझवलं. बाकीच्यांनी शूटिंग केलं.

लगेच घेतलेल्या प्रश्नपत्रिकेत जवळपास सगळेच पास. मी खूश. आता सहा महिन्यांनी काय दिसलं? काय पेटलंय त्यावरून ठरणारे ए, बी, सी, डी हे आगीचे वर्ग सगळे विसरले. कायदा विसरले. फॉर्म बी म्हणजे काय ते तर साफ. पण ज्यांनी स्वतः पिन ओढली होती, त्यांनी यंत्र कसं चालवायचं ते बिनचूक लिहिलं. ज्या पोरांनी जमिनीलगत रांगायची शर्यत लावली होती, त्यांना धूर वर जातो आणि खाली हवा बरी असते हे पाठ आहे. व्हिडिओ काढणाऱ्यांच्या कागदावर मात्र पुन्हा 'पाणी ओतू'.

आठव्या मजल्यावरच्या सत्तरीच्या काकूंनी ड्रिलला आग विझवली होती. लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला त्या हाताने करून दाखवतात: ओढायची, धरायचं, दाबायचं, झाडू मारल्यासारखं फिरवायचं. तेवढ्यात त्यांचा मजला येतो.

तर सांगा, तुमच्याकडे काय अनुभव? हे शिकवून फरक पडतो का, की मी रविवार फुकट घालवतोय?

---

भोचक_भवानी | रविवार, सकाळी १०:४०

आमच्या सेक्रेटरींना धागा पाठवला. निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.

---

नाक्यावरचा | रविवार, सकाळी ११:०५

उपक्रम चांगला, पण मूळ मुद्द्यावरच माझा आक्षेप आहे. 'जनजागृती' म्हटलं की जबाबदारी आपोआप सामान्य माणसाच्या गळ्यात पडते. मुंबईतल्या कमला मिलच्या आवारातल्या पबची आग, २९ डिसेंबर २०१७, १४ माणसं गेली. ती अडाणी होती म्हणून गेली का? गोरेगावात ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे पुनर्वसनाच्या सात मजली इमारतीच्या तळाशी गाड्या आणि चिंध्यांची गाठोडी पेटली, धूर वर चढला आणि झोपेतली माणसं गेली. पुण्याजवळ उरुळी देवाचीत मे २०१९ मध्ये साड्यांच्या दुकानात रात्री पाच कामगार गेले, दाराला बाहेरून कुलूप होतं. त्यांना पोस्टर वाचायला देऊन काय झालं असतं?

आधी बांधकाम, परवानगी, तपासणी. शिकवणी नंतर.

---

मीनाक्षी_परळ | रविवार, सकाळी ११:३२

@नाक्यावरचा, तुमचा राग पटतो. पण आमच्याच भागातलं एक उदाहरण देते.

२२ ऑगस्ट २०१८, हिंदमाताजवळचा क्रिस्टल टॉवर. बकरी ईदची सुट्टी, म्हणून सगळे घरी. बाराव्या मजल्यावर सकाळी आग लागली. इमारतीची यंत्रणा बंद होती, ताब्याच्या दाखल्याचाही घोळ होता. म्हणजे तुम्ही म्हणता ते सगळं तिथे होतंच. चौघांचा जीव गेला. पण सोळाव्या मजल्यावर दहा वर्षांची एक मुलगी होती. तिला तिसरीत शाळेत शिकवलेलं आठवत होतं. तिने मोठ्यांना सुती कपडे फाडून ओले करायला लावले, नाकाला धरायला सांगितले, गोंधळ करू नका म्हणून बजावलं. शेजारीपाजारी त्यावर तगून राहिले. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला.

यंत्रणा मेलेली होती तरी तिसरीतला एक तास जिवंत होता. बिल्डरला सोडा असं मी म्हणतच नाहीये.

---

नाक्यावरचा | रविवार, सकाळी ११:४१

ते प्रकरण माहीत आहे. मुलीचं कौतुकच आहे. पण दहा वर्षांच्या पोरीला सोळा मजले सांभाळावे लागले यात मला शिक्षणाचा विजय कमी आणि मोठ्यांची लाज जास्त दिसते.

---

बंबवाला_निवृत्त | रविवार, दुपारी १:२०

३१ वर्षं अग्निशमन दलात काढली, आता नातवंडं सांभाळतो. दोन्ही बाजूंनी थोडं बोलतो.

ओल्या फडक्याबद्दल आधी. मुलीने केलं ते योग्यच होतं. पण त्या बातमीनंतर लोकांच्या डोक्यात बसलंय की ओलं फडकं म्हणजे कवच. ओल्या सुती कापडाने काजळी अडते आणि गरम हवेचा चटका जरा कमी होतो. कार्बन मोनॉक्साइड त्यातून आरपार जातो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस भाजण्याआधी त्याने पडतो. तेव्हा फडकं धरून धुराने भरलेला जिना उतरायला निघू नका. जिना स्वच्छ असेल तर उतरा. नसेल तर घरातच राहा, दार लावून घ्या, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबा, गॅलरीत किंवा रस्त्याकडच्या खिडकीत या आणि १०१ ला मजला आणि फ्लॅट नंबर सांगा.

दार हा विषय लोकांना कळतच नाही. माझ्या नोकरीत मी हे कितीदा पाहिलं: बंद दाराच्या एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला कॅलेंडर जसंच्या तसं. पेटलेल्या खोलीतून बाहेर पडताना मागे दार ओढून घेतलं, तर शेजाऱ्यांना मिनिटं मिळतात. पण लोक पळतात आणि दार सताड उघडं टाकतात. मग जिन्याची चिमणी होते. आणि समोरचं दार बंद असेल, तर उघडण्याआधी हाताची पाठ लावून बघा. गरम लागलं तर उघडायचं नाही.

कमला मिलचा उल्लेख वर आला. तिथे बरेच जण स्वच्छतागृहात शिरले आणि गुदमरले. माणसाला वाटतं पाणी आहे तिथे आग येणार नाही. आग येत नाही, धूर येतो. दारू पिऊन गाणी ऐकायला गेलेल्या माणसाने आधी बाहेर जायची वाट बघून ठेवावी ही अपेक्षा जड आहे, कबूल. पण मी आजही हॉटेलात शिरलो की दुसरं दार शोधतो. बायको चिडते.

१०१ ची आठवण निघाली म्हणून: पोरं-थोरं सगळ्यांना नंबर पाठ असतो. पण फोन लागल्यावर काय ओरडतात? "लवकर या, आग लागलीय!" आणि ठेवून देतात. कुठे? कितवा मजला? कुणी अडकलंय का? आत जायला कुठल्या गल्लीतून यायचं, गेटपाशी गाड्या लागल्यात का? शाळेत नंबर पाठ करून घेण्यापेक्षा खोटा फोन कानाला लावून पत्ता सांगायचा सराव करून घ्या. मुलांना आईचा मोबाइल नंबर येतो, इमारतीचं नाव येत नाही.

@नाक्यावरचा, तपासणी व्हायलाच हवी. पण ज्याला फॉर्म बी माहीत नाही तो सभेत तो मागणार कसा? जिन्यातल्या कपाटाने जीव जातो हे ज्याला उमजलंय, तोच शेजाऱ्याशी त्यावरून भांडतो.

---

तिसरा_मजला | रविवार, दुपारी १:५५

भांडलो आहे. ते कपाट हललंय. शेजारी बोलत नाहीत.

---

सुगंधा_नि_फोडणी | रविवार, दुपारी २:३०

कढईत पाणी का ओतायचं नाही, हे कुणीतरी एकदा नीट सांगा. आमच्या सासूबाईंना 'नाही म्हणजे नाही' चालत नाही, कारण हवं.

---

बंबवाला_निवृत्त | रविवार, दुपारी २:५०

पाणी तेलापेक्षा जड. ओतलं की तळाला जातं. पेटलेलं तेल तीनशे अंशांच्या आगेमागे तापलेलं असतं, म्हणून पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सुमारे १,६०० ते १,७०० पट जागा मागते. ती वर उसळताना पेटलेलं तेल घेऊन उसळते. भडका छताला लागतो आणि तुमच्या अंगावरही येतो. पीठ टाकलं तर तेही पेटतं.

करायचं एवढंच: गॅस बंद, कढईवर बाजूने सरकवत झाकण किंवा परात. मग हात लावायचा नाही. लोक दोन मिनिटांत झाकण उघडून बघतात आणि तेल पुन्हा पेटतं. निवू द्या. पेटलेली कढई उचलून बेसिनकडे धावू नका, बहुतेक जण त्यातच भाजतात.

सासूबाईंना नमस्कार सांगा.

---

वायर_नि_पक्कड | रविवार, दुपारी ३:१५

मी इलेक्ट्रिकलची कामं घेतो. गॅसबद्दल एक भर घालतो, कारण पाइप गॅस आल्यापासून गोंधळ वाढलाय.

सिलिंडरातला गॅस म्हणजे प्रोपेन-ब्यूटेन, हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत साचतो, कोपऱ्यात, ओट्याखाली. पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. दोन्हीत वास मुद्दाम मिसळलेला असतो. दोन्हीकडे पहिलं काम सारखंच: बटणाला हात नाही, चालू असेल ते चालू, बंद असेल ते बंद. रेग्युलेटर किंवा पाइपाचा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर येऊन फोन करा. एलपीजीसाठी १९०६.

सिलिंडर घेताना वरच्या कड्याखालच्या पट्टीवर ए-२७, सी-२८ असं काही रंगवलेलं असतं ते बघा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. ती पुढच्या चाचणीची मुदत. उलटून गेली असेल तर परत द्या. केशरी रबरी नळी पाच वर्षांत बदला. हे डिलिव्हरीवाल्याने सांगावं अशी अपेक्षा आहे, पण तो तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर चढवून धापा टाकत असतो.

आणि एसीचा प्लग एक्स्टेन्शन बोर्डात खुपसणाऱ्यांनो, मी तुमच्याच घरी येतो आणि तुमचाच बोर्ड वितळलेला बघतो. एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा खटका) सारखा पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवून द्या म्हणता. तो पडतोय म्हणून तर तुमची भिंतीतली वायर शाबूत आहे.

---

दुचाकी_पुराण | रविवार, दुपारी ३:२४

इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी घरात चार्ज करतो. चालेल का?

---

वायर_नि_पक्कड | रविवार, दुपारी ३:३७

कंपनीचा चार्जर, मोकळी जागा, जागेपणी. रात्रभर नाही आणि घराबाहेर पडायच्या दारापाशी तर नाहीच. लिथियमची बॅटरी एकदा आतून तापत गेली की तिच्यातला एकामागून एक सेल पेटतो, दोन किलोच्या यंत्राच्या आवाक्यात ते राहत नाही. ती वेळ आली तर बाहेर पडा आणि १०१.

---

बाईंचा_वर्ग | रविवार, संध्याकाळी ५:१०

प्राथमिक शाळेत शिकवते. धागा वाचून तीन गोष्टी टोचल्या.

पहिली कॅलेंडरची. राष्ट्रीय अग्निशमन सेवा सप्ताह १४ ते २० एप्रिल. कारण १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं! दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. आग विझवणारे ६६ जवान गेले. तारीख योग्यच आहे, तिचा मान राखायलाच हवा. पण शाळांच्या दृष्टीने तो आठवडा म्हणजे १४ तारखेची सुट्टी, मग परीक्षा, पेपर तपासणी. जवान येतात तेव्हा आम्ही हजेरीपत्रकं लिहीत असतो. 'आगीपासून बचाव' या चित्रकला स्पर्धेत मुलं दरवर्षी तोच लाल बंब काढतात आणि आम्ही अहवालात 'उपक्रम संपन्न' लिहितो. म्हणून मी माझ्या वर्गापुरतं दिवाळीच्या आधी घ्यायला लागले. फटाके तोंडावर असतात, मुलांचे कान उघडे असतात.

दुसरी कुंभकोणमची. १६ जुलै २००४, तमिळनाडूत शाळेच्या स्वयंपाकघरातून आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यावरून झालेल्या याचिकेवर (अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार) सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं की सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. अग्निशामक यंत्रं ठेवा आणि शिक्षकांना ती वापरायचं प्रशिक्षण द्या. यंत्र आमच्या शाळेत आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत, ट्रॉफ्यांच्या कपाटामागे. मला ते वापरायला कुणी शिकवलं? मी स्वतःच, गेल्या महिन्यात, एका सोसायटीच्या ड्रिलमध्ये.

तिसरी मुलांबद्दलची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. लहान मूल घाबरलं की लपतं. पलंगाखाली, कपाटात. आग दिसली की आई रागावेल असंच त्याला वाटतं, विशेषतः काडी त्यानेच ओढली असेल तर. वर्गात मी 'काडेपेटीशी खेळू नका' हे कमी सांगते. 'चूक तुझी असली तरी पळून ये, ओरडत ये, कुणी रागावणार नाही' हे जास्त सांगते. मग पालकसभेत पालकांकडून तसं कबूल करून घेते. एका बाबांनी हात वर करून विचारलं, "पण मग नंतर रागवायचं का?" म्हटलं, रागवा, पण खाली आल्यावर.

---

ओसाकाकर | रविवार, रात्री ८:०५

जपानमध्ये अकरा वर्षं झाली. मुलगी इथल्या शाळेत जाते. बाईंचा मुद्दा वाचून लिहावंसं वाटलं.

इथे प्राथमिक शाळेत मुलांना 'ओ-का-शि-मो' शिकवतात. ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, परत फिरायचं नाही, या चार जपानी शब्दांची पहिली अक्षरं. 'ओकाशी' म्हणजे खाऊ, म्हणून मुलं कधी विसरत नाहीत. चौथं सगळ्यात अवघड. दप्तर राहिलं, बूट राहिला, तरी परत जायचं नाही.

ड्रिल वर्षातून बऱ्याचदा होतात आणि कधी कधी न सांगता. एक तंबू आणतात, त्यात निरुपद्रवी धूर भरलेला. मुलं भिंतीला हात लावून वाकून आरपार जातात. मीही गेलो. पाच-सहा मीटरचा तंबू. मध्यावर माझी दिशा चुकली आणि मी मागे वळलो. चाळिशीचा इंजिनिअर! पोरगी बाहेर उभी राहून हसत होती.

१ सप्टेंबर हा इथे आपत्ती निवारण दिन. १९२३ ला त्या दिवशी कांतोचा भूकंप झाला, बाराला दोन मिनिटं कमी. घरोघरी चुलींवर जेवण शिजत होतं, म्हणून आगी लागल्या, आणि एक लाखाहून जास्त मृतांपैकी बहुतेक आगीनेच गेले.

नाक्यावरचा यांच्यासाठी: इथे नुसतं शिकवून थांबले नाहीत. घरात धुराचा अलार्म कायद्यानेच सक्तीचा केला, नव्या घरांना २००६ पासून, जुन्यांना २०११ पर्यंत. आपल्याकडे मात्र घरात असला अलार्म असतो हेच पुष्कळांना माहीत नाही. पुण्याला आईकडे मी लावून आलो. तिने फोडणी दिली, तो वाजला, तिने काढून ठेवला.

---

सुगंधा_नि_फोडणी | रविवार, रात्री ८:१२

आईंच्या बाजूने. हॉलमध्ये लावायचा होतात, स्वयंपाकघरात कशाला लावलात?

---

ओसाकाकर | रविवार, रात्री ८:१५

हे मला तेव्हा सुचलं असतं तर.

---

शिवारातून | रविवार, रात्री ९:३०

तुमचं सगळं चौदा मजल्यांवर चाललंय. आमच्याकडे एक मजला, पण बंब तालुक्याहून येणार, पंचवीस-तीस किलोमीटर, तोही पालिकेचा एकच. तो पोचेपर्यंत कडब्याची गंजी राख झालेली असते. पहिला अर्धा तास आमचा आम्हीच.

ऊस पेटतो तो बहुतेक वेळा लोंबत्या तारांनी. वाऱ्यात तारेला तार घासली की ठिणगी खाली पाचटात. तोडीला आलेला ऊस तासाभरात जातो. तारा ओढून घ्या म्हणून अर्ज देतो, त्याचं काय होतं ते सांगत नाही.

वणव्याचं मात्र आमच्याच डोक्यात आहे. डोंगर जाळला की पुढच्या पावसाळ्यात गवत चांगलं येतं, असं माझे आजोबाही म्हणायचे. वर्षभर हिरवं दिसतंही. पण वरची माती उघडी पडते, पहिल्या वळवात वाहून जाते. झाडाची रोपं, पक्ष्यांची अंडी, सगळं गेलं. आणि जे गवत येतं ते पुढेपुढे गुरं तोंड लावत नाहीत असलं. हे वनखात्याच्या फलकावर वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. कुणी वाचलं नाही. फरक कधी पडला? गावातल्या पोरांनी जानेवारीत वनरक्षकाबरोबर जाळरेषा काढल्या तेव्हा. डोंगरउतारावर पट्टा आखून गवत आधीच काढून टाकायचं, म्हणजे आग तिथे अडते. चार दिवस कोयते मारून हाताला फोड आले. आता तीच पोरं मार्चमध्ये कुणी काडी लावताना दिसला तर त्याच्या बापाचं नाव घेतात. घाम गाळलाय ना तिथे.

अजून एक. आमच्याकडे ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका टोल फ्री नंबरवर बोललं की तोच आवाज गावातल्या सगळ्यांच्या फोनवर जातो. चोरांसाठी आणली होती, गेल्या उन्हाळ्यात गोठा पेटला तेव्हा उपयोगी पडली. दहा मिनिटांत पन्नास माणसं. दावी कापून जनावरं आधी सोडली. पेटत्या गोठ्यात दावं सोडत बसायचं नसतं, कापायचं असतं. गाठ सुटत नाही, हात थरथरतो. म्हणून दारातच विळा टांगलेला असावा.

---

सिस्टर_रात्रपाळी | सोमवार, पहाटे ३:४०

ड्युटीवर आहे, जरा शांत आहे म्हणून लिहिते.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागली, १० बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरार, नोव्हेंबरमध्ये अहमदनगर, तिथेही रुग्णालयांतच आगी. त्यानंतर ऑडिटची लाट आली आणि आम्हालाही प्रशिक्षण. पहिलं प्रशिक्षण म्हणजे हॉलमध्ये ऐंशी स्लाइड्स. मी झोपले, खोटं कशाला बोलू.

दुसरं खरं होतं. वॉर्डात, रात्री, पुतळ्याला पेशंट करून. तेव्हा कळलं की ऑक्सिजनचा झोन व्हॉल्व्ह, म्हणजे त्या भागाचा पुरवठा बंद करायचा कॉक, कुठे आहे हे पाच जणींपैकी एकीलाच माहीत होतं. आग पेटल्यावर तो कोण बंद करणार, कुणाला विचारून करणार, हे आधी ठरलेलं नसेल तर प्रत्येकीला दुसरी करेल असं वाटतं. आणि आयसीयूतला पेशंट जिन्याने खाली न्यायचा नसतो, आधी त्याच मजल्यावर आग अडवणाऱ्या दारापलीकडच्या भागात आडवा सरकवायचा. चादरीवर ओढून. ७० किलोचा पुतळा दोघींनी ओढल्यावर ते लक्षात राहतं.

भाजल्यावर काय करायचं तेही लिहिते, कारण कॅज्युअल्टीत अजून टूथपेस्ट, हळद, शाई, अंड्याचा पांढरा बलक असं सगळं फासून पेशंट येतात. नळाचं साधं वाहतं पाणी, २० मिनिटं. बर्फ नको. अंगठी, बांगड्या सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाका आणि या. पेस्ट खरवडून काढताना पेशंट जो ओरडतो ते तुम्हाला ऐकवायला हवं.

बेल वाजली. जाते.

---

नाक्यावरचा | सोमवार, सकाळी ९:५०

रात्री सगळं परत वाचलं. माझा मुद्दा सोडत नाही, पण जरा वळवतो. माझा राग पोस्टर, सप्ताह, शपथ, सेल्फी पॉइंट यांवर आहे. शिवारातून आणि सिस्टर जे सांगतायत त्याला मी शिकवणी म्हणत नव्हतो. तेच शिक्षण असेल तर त्याला पैसा लागतो, वेळ लागतो, माणसं लागतात. तो कोण देणार? आमच्या चाळीत १०० खोल्या, दोन लाकडी जिने. एका एजन्सीने यंत्रं 'भरून' दिली, स्टिकर नवं लावलं, आत पावडर तीच दगड झालेली. हे आम्हाला कळलं तेही योगायोगाने.

---

बंबवाला_निवृत्त | सोमवार, सकाळी १०:३०

म्हणून भरायला देण्याआधी जुनं यंत्र वाया घालवू नका. नाहीतरी पावडर बदलायचीच असते, ती अंगणात लोकांच्या हातून मारून घ्या. सरावाचा खर्च शून्य, आणि एजन्सी रिकामं यंत्र घेऊन जाते, म्हणजे भरावंच लागतं. त्या निमित्ताने हेही दिसतं की सहा किलोचं यंत्र पंधरा-वीस सेकंदांत संपतं. सिनेमात दाखवतात तसं मिनिटभर नाही. दहा सेकंदांत आग बसली नाही तर पाठ न दाखवता मागे सरका आणि बाहेर.

यंत्रावर दाब दाखवणारा काटा असेल तर हिरव्यात आहे का बघा. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) यंत्राला काटा नसतो, ते वजन करून बघतात.

लाकडी जिन्याच्या चाळीसाठी वेगळं सांगेन, इथे नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी येऊन बघतो. चहा पाजा.

---

तिसरा_मजला | सोमवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. @बंबवाला, जुन्या यंत्रांची युक्ती आधी कळली असती तर गेल्या वेळी आम्ही बावीस यंत्रं भरलेलीच परत दिली नसती.

कमिटीत आज ठरलं ते असं. पुढचं ड्रिल दिवाळीआधी, रात्री नऊ वाजता, लिफ्ट आणि कॉमन लाइट बंद करून. फक्त विजेऱ्या. मोबाइलने शूटिंग करणाऱ्याला पुढची आग विझवायला लावायची. मुलांसाठी खोट्या फोनवर पत्ता सांगायची स्पर्धा, परीक्षक आठव्या मजल्यावरच्या काकू. गच्चीची किल्ली आता काचेच्या डबीत, दाराशेजारी. धुराच्या तंबूचं अग्निशमन दलाला विचारतोय.

प्रश्नपत्रिका मात्र दहाची पाच प्रश्नांची केली. आगीचे वर्ग काढून टाकले.

---

भोचक_भवानी | सोमवार, रात्री ११:०२

आत्ताच खाली जाऊन बघून आले. आमच्या विंगेतलं यंत्र आहे, काटा हिरव्यात आहे, सील शाबूत आहे. त्याच्या पेटीला कुलूप आहे. किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी गुरुवारपर्यंत गणपतीपुळ्याला.